यंदा डॉल्बी नाही, वहिनींच्या कानासाठी वर्गणी

वर्गणीला आम्ही दारात आलो की तुमचा पहिला प्रश्न असतो, “यंदा डॉल्बी कुणाची?” यंदा कुणाचीच नाही. त्यासाठी बाजूला काढलेले १ लाख ६० हजार रुपये आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या ऑपरेशनला द्यायचं तालमीच्या बैठकीत ठरलं. (त्यांचे कान डॉल्बीने गेलेले नाहीत, हे आधीच सांगतो. तालमीवर तेवढा आळ नको.)

वहिनी घरीच फॉल-पिको आणि ब्लाउज शिवतात. वय ४६. दुसऱ्या बाळंतपणानंतर ऐकू कमी यायला लागलं. आजार ओटोस्क्लेरोसिस. कानात रिकिबीच्या आकाराचं इवलंसं हाड असतं, शरीरातलं सगळ्यात लहान. त्याच्या बुडाशी नको ते हाड वाढून ते जाम होतं आणि आवाज आत पोचत नाही. ११ वर्षांपूर्वी ऑपरेशन करून त्या हाडाच्या जागी बारीक कृत्रिम दांडी, म्हणजे पिस्टन बसवला, बरीच वर्षं छान गेली. मग रोग आतल्या शंखापर्यंत, म्हणजे आवाज नसेकडे पोचवणाऱ्या शंखाच्या आकाराच्या भागापर्यंत सरकला. आता कानाच्या मशीनचा आवाज कितीही वाढवला तरी नुसता गलका. गिऱ्हाईक माप सांगायला लागलं की वहिनी वही पुढे करतात.

उपाय उरलाय कॉक्लिअर इम्प्लांटचा. शंखात बारीक इलेक्ट्रोड सरकवतात, ते विजेच्या स्पंदनांनी थेट कानाची नस जागी करतात. वहिनींची नस शाबूत आहे, म्हणून डॉक्टरांना आशा आहे. पण या आजारात शंखातच हाड भरलं असेल तर इलेक्ट्रोड सरकवणं अवघड जातं, आणि कधी चेहऱ्याची नस चाळवून गाल फडफडतो; मग तेवढे इलेक्ट्रोड बंद ठेवावे लागतात. हे लपवून वर्गणी मागणं आम्हाला पटलं नाही.

खर्चाचा अंदाज ९ लाख. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतलं इम्प्लांट मुलांसाठी आहे. घरच्यांनी दागिने मोडून, सोसायटीचं कर्ज काढून अडीच लाख उभे केलेत. डॉल्बीचे १ लाख ६० हजार धरूनही कमी पडतात ४ लाख ९० हजार.

रोज संध्याकाळी ७ ते ९ तालमीत बसतो. पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. मोठी रक्कम असेल तर चेक थेट रुग्णालयाच्या नावे काढा. हिशोब दर रविवारी तालमीच्या फळ्यावर लिहिला जाईल.

पैसे जमत नसतील तर वेळ द्या. ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू होतं आणि पुढे कित्येक महिने कानाला नव्याने सवय लावावी लागते. रोज अर्धा तास, ओठ झाकून पेपर वाचून दाखवणारं कुणीतरी हवंय. आमच्या पोरांचं वाचन तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा शाळेतल्या बाईंनीच पुढे यावं.

आपले,
तालमीचे कार्यकर्ते, मंगळवार पेठ, कोल्हापूर