तिसरा ठोकळा

पुणे

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

आज गॅलरी धुताना तुळशीच्या कुंडीला टेकू दिलेला तुझा काँक्रीटचा अर्धा ठोकळा हातात घेतला. त्याच्या कोपऱ्यातल्या पोकळीत करंगळीचे टोक सहज जाते हे जाणवले, आणि वर्षभर बोलायचे राहून गेलेले लिहूनच टाकावे असे वाटले.

सिमेंटच्या ३० टक्के जागी औष्णिक वीजकेंद्रातल्या कोळशाची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश घालून एम-२५ प्रतीचे, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसणारे, काँक्रीट करणे, हा तुमचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. १५० मिलिमीटरचे तीन ठोकळे २८ दिवस पाण्यात ठेवून यंत्राखाली दाबले, तेव्हा दोन ५५२ आणि ५४० किलोन्यूटनला फुटले. तिसरा ३९० लाच गेला. सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक फरक पडला, तर आय. एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे तो संच धरता येत नाही, हे तूच मला जेवताना समजावून सांगितलेस. सबमिशनला पाच आठवडे उरले होते आणि नव्या ठोकळ्यांचे चार आठवडे टाकीतच जाणार होते. त्यावर मी म्हणालो, "अगं, एकच आकडा आहे, ५३० लिहून टाक, कोण विचारणार आहे?" तू उलट बोलली नाहीस, फक्त आजीकडे पाहिलेस. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि शनिवार पेठेतले आजीचे माहेर पाण्याखाली गेले, ही हकिकत तू तिच्या मांडीवर बसून कितीदा ऐकली आहेस. मला मात्र त्या रात्री ती आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी तू प्रत्येक थराला सळईचे ३५ ठोके मोजून नवे सहा ठोकळे ओतलेस. पहिल्या वेळी ठोकण्यात कसूर झाल्यामुळे आत हवा राहिली, हेही रिपोर्टात स्वतःच्या नावावर लिहिलेस. नव्या तिघांची सरासरी ५४६ आली, म्हणजे चौरस मिलिमीटरला २४.२७ न्यूटन, पंचविसाला थोडी कमीच, आणि तोंडी परीक्षेत तू तीच सांगितलीस. सिमेंट भिजल्यावर सुटणाऱ्या चुन्याशी राखेची क्रिया सावकाश होते, त्यामुळे हे काँक्रीट उशिरा बळ धरते, एवढे कारण तू दिलेस.

परीक्षा संपली, गुणही लागले, आणि कोणी विचारणार नसताना उरलेले तीन ठोकळे ५६ व्या दिवशी फोडायला तू एकटी गेलीस. संध्याकाळी दारातच, चपला काढायच्या आधी, "बाबा, ६३०!" म्हणालीस. म्हणजे २८ न्यूटन. केसांत धूळ होती.

त्या रात्रीचा माझा सल्ला चुकीचा होता, मुक्ता. तुझ्या चार वर्षांच्या शिक्षणाला मी एका आकड्यासाठी उणे करायला निघालो होतो आणि ते तुझ्यासमोर कबूल करायला मला वर्ष लागले.

आजी बरी आहे. ठोकळा पुन्हा कुंडीखाली ठेवला आहे, पोकळीची बाजू वर करून.

तुझा,
बाबा