गजाननबुवांची ओळख व्हायोलिनपाशी थांबू नये

प्रति,
मा. संपादक,
जिल्हा पुरवणी, सातारा

विषय : पं. गजाननराव जोशी यांचे गुरू म्हणून काम आणि घरोघरी पडून असलेली ध्वनिमुद्रणे

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत औंधवर पानभर लेख आला. यमाईचा डोंगर, श्रीभवानी संग्रहालय, बाळासाहेब पंतप्रतिनिधींची चित्रकला आणि त्यांचे सूर्यनमस्कार, गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानात झालेला स्वराज्याचा प्रयोग, सगळे नीटनेटके आले आहे. लेख कापून ठेवला. पण संगीताच्या वाट्याला शेवटी एकच ओळ आली : 'अंतूबुवांचे चिरंजीव व प्रसिद्ध व्हायोलिनवादक गजाननराव जोशी'. यात खोटे काही नाही. तरी आपल्या जिल्ह्यातल्या नव्या वाचकाला बुवा एवढेच कळावेत, हे मनाला फार लागले. मी कोरेगाव तालुक्यात शाळेत संगीत शिकवत होते. निवृत्तीनंतरही गावातल्या मुलामुलींना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवते. शिकवण्याचे काम किती अवघड असते ते रोज अनुभवते, म्हणून बुवांच्या शिकवण्याविषयीच लिहावेसे वाटले.

आधी थोडे घराण्याचे. वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, 1881 साली आमच्याच तालुक्यातल्या किन्हईला जन्मले. ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ग्वाल्हेर परंपरेची ख्यालगायकी, म्हणजे राग विस्ताराने मांडणारे गाणे, महाराष्ट्रात रुजवली ती बाळकृष्णबुवांनी, आणि विष्णु दिगंबर पलुसकरांनाही मिरजेला त्यांच्याकडूनच तालीम मिळाली. म्हणजे पलुसकर आणि आपले किन्हईचे अंतूबुवा गुरुबंधू. पलुसकरांचे नाव शाळेतल्या पोरालाही माहीत असते, अंतूबुवांचे आमच्या बाजारपेठेत विचारून पाहा. अंतूबुवांनी आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 पासून औंधला आश्विन वद्य पंचमीचा संगीतोत्सव सुरू केला. तो आजही होतो आणि लांबलांबून रसिक येतात.

गजाननबुवांचा जन्म 30 जानेवारी 1911 चा. पहिली विद्या घरातच, वडिलांकडून. गळा होता, व्हायोलिनवर हात बसला होता आणि लयीची समज तबलजींनी मान डोलवावी अशी होती. पुढे आकाशवाणीतही त्यांनी सेवा केली. त्या काळी हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला स्वतंत्र मैफल मिळणे दुर्मीळ होते. हे वाद्य साथीला बसायचे. ख्याल जसा गळ्यातून येतो तसा तो गजाने, म्हणजे व्हायोलिनच्या काठीने, काढायचा, मींड (एका सुरातून दुसऱ्यात सलग घसरत जाणे) तुटू द्यायची नाही, बंदिशीचे, म्हणजे बांधलेल्या गाण्याचे, बोल नसतानाही श्रोत्याला ते ऐकू यावेत, हे ज्यांनी करून दाखवले त्यांत बुवा अग्रेसर. तेव्हा व्हायोलिनचा मान मला कमी करायचा नाही. एवढेच म्हणायचे आहे की त्या गजामागे एक गवई होता, आणि त्या गवयामागे जन्मभर शिकत राहिलेला एक विद्यार्थी.

घरात ग्वाल्हेरची भरलेली कोठी. वडील नामांकित. दुसरा कोणी त्याच शिदोरीवर आयुष्य काढता. बुवा मात्र ग्वाल्हेरचेच दुसरे गवई रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे गेले. जयपूर घराण्याच्या, म्हणजे त्या गानपरंपरेच्या, तालमीसाठी अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ यांच्याकडे शिकले. आग्र्याची विद्या विलायत हुसेन खाँसाहेबांकडून घेतली. आज 'तीन घराण्यांची तालीम' हे शब्द कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेवर सहज छापले जातात, म्हणून त्याचे मोल कळत नाही. त्या पिढीत घराणे म्हणजे जवळजवळ आडनावच. नाव झालेल्या गवयाने दुसऱ्या उस्तादासमोर पुन्हा पहिल्यापासून बसायचे, तो 'हे असे नाही' म्हणाला की आपले तयार गाणे बाजूला ठेवायचे, हे सोपे नाही.

आणि त्या तीन वाटा एकमेकींपासून खरोखर दूर आहेत. ग्वाल्हेरमध्ये स्थायी-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, आधी स्वच्छ, भरून मांडायचा. आवाज मोकळा, ताना सरळ, आणि बंदिशीतूनच रागाची वाट दिसायची. आग्र्यात 'नोम', 'तोम' अशा अक्षरांचे आलाप, शब्दांची लयीशी झटापट, बोलबांट म्हणजे बंदिशीचे शब्द लयीत वाटून गाणे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना श्रोता पुढे सरकून बसतो. जयपूरची चाल वेगळीच : आकारात, लयीच्या अंगाने एकात एक गुंफत जाणारी बढत (रागाचा विस्तार), ताना वळसे घेत पुढे जातात, आणि रागही अनवट, म्हणजे क्वचित ऐकू येणारे, किंवा दोन राग जोडून केलेले. हे सगळे एकाच गळ्यात राहायचे आणि तरी एकमेकांत सांडायचे नाही. बुवांनी यांचा काला केला नाही. कुठल्या बंदिशीला कुठली वागणूक द्यायची, हे वेगवेगळे ठेवले. माझ्या मते त्यांच्या गाण्यातली सर्वांत कठीण गोष्ट हीच, आणि त्यांच्या शिकवण्याचे गमकही.

त्यांचे शिष्य पाहा म्हणजे मी काय म्हणते ते ध्यानात येईल. पं. उल्हास कशाळकर, डॉ. अरुण कशाळकर, विदुषी पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे, शुभदा पराडकर, जयश्री पाटणेकर. यांतले कित्येक जण बुवांकडे आले तेव्हा कोरे नव्हते. उल्हासजी वडिलांकडे शिकलेले होते, राम मराठ्यांचीही तालीम त्यांना मिळाली. पद्माताईंना गवई पिंपळखरेबुवांची आणि गायिका मोगूबाई कुर्डीकरांची विद्या होती. वीणाताईंच्या घरातच, वडील शंकरराव बोडसांकडे, पलुसकरांची परंपरा होती. मातीचा गोळा हातात घेऊन आकार देणे वेगळे, आणि तयार गळ्यात आधीच्या गुरूने ठेवलेले न मोडता आपले घालणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी गुरूला स्वतःला चार ठिकाणी बसून शिकलेले असावे लागते. बुवा बसले होते.

वर्गात मी कधी कधी उल्हासजी, पद्माताई आणि वीणाताई या तिघांची ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ एक लावते. सातवी-आठवीच्या मुलांना घराण्याची व्याख्या सांगून काही कळत नाही, कान मात्र लगेच कळवतो. उल्हासजींचा बोल लयीवर असा पडतो की मांडीवर टाळी देणाऱ्या पोरांचा हात क्षणभर अडखळतो. पद्माताईंचा स्वर रुंद, ठेहरावाचा. वीणाताईंकडे शब्दाला विशेष जपलेले. एक जण दुसऱ्यासारखा गात नाही, आणि तिघांपैकी एकानेही बुवांची नक्कल केली नाही. मुले विचारतात, मग गुरूने दिले काय? त्यावर मी बंदिश पुन्हा लावते आणि म्हणते, फक्त मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, ऐका, तो उचलतात कसा आणि समेवर ठेवतात कसा. घाई नाही, ढिलाई नाही, आणि सम कुठे आहे याबद्दल कणभर शंका नाही. हे तिघांत सापडते.

खाजगी क्लासांत आज उलटे चालले आहे, आणि ते मला मनापासून सलते. भीमपलास आला की सगळ्या मुलींना त्याच आठ ताना, त्याच वहीत, त्याच पट्टीत. मुलीचा आवाज पेटीच्या काळी चार या पट्टीला उघडतो की काळी पाचला, कोणी पाहत नाही. मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर जो सूर लावला असेल तोच सगळ्यांचा. परीक्षा पास होतात, प्रमाणपत्र भिंतीवर लागते. यात परीक्षांचा दोष नाही, खेड्यापाड्यांत गाणे पोचले ते परीक्षांमुळेच. पण एका गळ्याला एक गुरू वेळ देतो ही गोष्ट मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना कुठेतरी दिसली पाहिजे. आपल्याच जिल्ह्याच्या गुरूचे उदाहरण हाताशी असताना ते एका ओळीत संपावे याचे दुःख वाटते.

आता मुद्द्याचे. बुवा 28 जून 1987 ला गेले. त्यांच्यासमोर बसून शिकलेली सर्वांत लहान माणसेही आज साठीच्या आसपास किंवा पलीकडे आहेत. त्या पिढीतल्या रसिकांनी रेडिओवरून, उत्सवातून, घरगुती बैठकांतून जे टिपून ठेवले ते माळ्यावर पडले आहे. ओळखीच्या एका घरी पत्र्याच्या पेटीत अशी कॅसेट निघाली. कागदावर शाईपेनाने फक्त 'बुवा, औंध' लिहिलेले. साल नाही, राग नाही, तबल्यावर कोण तेही नाही. फितीच्या कडेला पांढरी बुरशी चढली होती, आतला फीत दाबून धरणारा नमद्याचा तुकडा गळून पडला होता, आणि चाकात पेन्सिल घालून फिरवताच फीत तुटली. तुटलेली फीत जोडता येते, पण बुरशीने खाल्लेला भाग परत येत नाही. त्या घरच्यांनी कुठलीही हयगय केली नव्हती. काय करायचे ते त्यांना कोणी सांगितले नव्हते.

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती. आपल्या पुरवणीतून एक आवाहन छापा. ज्यांच्याकडे बुवांची, अंतूबुवांची किंवा औंधच्या जुन्या उत्सवांची कॅसेट, स्पूल (मोठ्या चाकावरची फीत), बंदिशींची वही, पत्र, कार्यक्रमपत्रिका असेल, त्यांनी कळवावे. मालकी ज्याची त्याचीच राहावी, प्रत फक्त करून घ्यावी. कॅसेट उभ्या ठेवाव्यात, पत्र्याखाली किंवा माळ्यावर नकोत. जुनी फीत 'चालते का पाहू' म्हणून घरच्या प्लेअरमध्ये घालू नये, आणि भराभर पुढे-मागे तर मुळीच पळवू नये. प्रत करताना ती आहे त्या वेगाने पूर्ण वाजवून, आवाज न दाबणाऱ्या मोठ्या फाइलमध्ये उतरवावी. मोबाइलवर पाठवायची छोटी फाइल नंतर करता येते. आणि त्या घरातल्या ज्येष्ठांना आठवत असेल तेवढे, म्हणजे राग, ठिकाण, साथीला कोण, हे सोबत लिहून घ्यावे. खरे तर फितीआधी हे लिहून घ्यायला हवे.

दुसरी विनंती बातमीदारांना. औंधच्या उत्सवाची किंवा साताऱ्यातल्या कुठल्याही मैफलीची बातमी येते तेव्हा दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते आणि व्यासपीठावर कोण, हे पूर्ण असते. गायकाने कोणता राग गायला, बंदिश कोणती, साथीला कोण, तो कोणाचा शिष्य, यातले काहीच नसते. दोन ओळी पुरेत. वाचणाऱ्या मुलाला त्या रागाचे नाव शोधून ऐकता येईल.

आवाहन छापणार असाल तर कोरेगाव आणि खटाव तालुक्यांतल्या घरी जाऊन याद्या करायला मी आणि माझे तीन जुने विद्यार्थी तयार आहोत. त्यांतल्या एकाला ध्वनिमुद्रणाचे तांत्रिक काम येते. दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी असतात, माळे साफ होतात आणि नको त्या वस्तू भंगारात जातात. शक्य झाले तर आवाहन त्याआधी यावे.

आपली,
एक संगीत शिक्षिका (निवृत्त)
ता. कोरेगाव, जि. सातारा