तू पडल्यानंतर पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं होतं

दोस्ता,

तुझं खरं नाव मला माहीत नाही. गेम खेळताना स्क्रीनवर जे नाव दिसलं होतं ते पाठ आहे, पण ते इथे टाकत नाही, तुला आवडेल न आवडेल. आणि चिलखताच्या आत मुलगा होता की मुलगी तेही कळायला मार्ग नव्हता, पण डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात मढलेला तो सोनेरी आकार माझ्या मनात पहिल्यापासून 'तो'च आहे, म्हणून तसंच लिहिते.

गेम डार्क सोल्स. जागा अॅनॉर लोंडोमधला तो मोठा दिवाणखाना जिथे एकाच वेळी दोन बॉस, म्हणजे मोठे शत्रू, अंगावर येतात, भालेवाला ऑर्नस्टीन आणि हातोडेवाला स्मॉघ. तू तिथे कितीजणांना मदत केली असशील देव जाणे, त्यामुळे खूण सांगते, धुक्याच्या दारातून आत शिरल्या शिरल्या जी सरळ उजवीकडे पळत सुटली आणि खांबाला जाऊन अडकली ती मी. आपण तीनदा एकत्र लढलो. तिसऱ्या वेळी तू मध्येच पडलास, आणि या गेमचा नियम असा की मदतीला आलेला पडला की तो आपल्या जगात परत, पुढचं त्याला काही दिसत नाही. म्हणजे तुला आजपर्यंत हेच वाटत असणार की तीही वेळ वाया गेली. नाही गेली रे. तेच सांगायला हे पत्र.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर एवढ्याशा गोष्टीचे एवढे आभार का ते कळणार नाही. त्या दिवसांत माझा पाय प्लास्टरमध्ये होता. दोन महिने. घरचे सगळे इतके चांगले की मला काही म्हणजे काहीच करू देत नव्हते, ग्लास हातात, चादर अंगावर, चार्जर हाताशी, मी उठायला लागले की दोघंजण धावत यायचे. त्यांच्या प्रेमात खोट नव्हती पण दिवसाच्या शेवटी हिशेब केला तर आज मी स्वतः काय केलं याचं उत्तर रोज शून्य यायचं आणि ते फार लागायचं. धाकट्या भावाने त्याचा कन्सोल आणून टीव्हीला लावून दिला आणि म्हणाला ताई यातला कुठलाही खेळ, तो डार्क सोल्स तेवढा सोड, फार कठीण आहे. मी तोच लावला.

आणि मरत राहिले. त्या अरुंद कठड्यावरचे दोन तिरंदाज आठवतात ना, जे माणसाएवढे बाण मारून खाली पाडतात, तिथे माझे दोन दिवस गेले. पण तिथेच मला या गेमची खरी गंमत कळली, की आपण एकटे खेळतोय आणि तरी एकटे नाही. जमिनीवर बाकीच्या खेळाडूंनी ठेवलेले नारिंगी निरोप असतात, गेमने दिलेल्या ठराविक शब्दांतून जुळवलेले, पुढे धोका आहे, इथे डावीकडे बघ, असे. रक्ताचे डाग असतात, त्यांना हात लावला की कुणीतरी त्या जागी कसा मेला ते भुतासारखं दिसतं. मी त्या कठड्यावर असे कितीतरी डाग बघितले आणि मला बरं वाटलं. इतके सगळे इथेच पडलेत, म्हणजे मी काही वेगळी नाही.

नंतर कुठेतरी वाचलं की ही कल्पना हा गेम बनवणाऱ्या हिदेताका मियाझाकींना कशी सुचली. डार्क सोल्स 2011 चा, त्याच्या आधी 2009 मध्ये त्यांचाच डेमन्स सोल्स आला होता आणि अनोळखी माणसाने मदतीला येऊन जाण्याची पद्धत त्यात आधीपासून होती. ते सांगतात की एकदा खूप बर्फ पडल्यावर चढावर गाड्या अडकल्या, त्यांचीही अडकली, मग मागच्या गाडीने पुढच्या गाडीला ढकलायला सुरुवात केली आणि असं करत करत सगळ्या वर चढल्या. मागे वळून आभार मानायला ते थांबू शकले नाहीत, कारण थांबले असते तर गाडी परत अडकली असती. त्या ढकलणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं असेल हे त्यांच्या मनात राहून गेलं. मी हे वाचलं तेव्हा मला तूच आठवलास.

आता आपली लढाई.

पहिली वेळ मिनिटभरात संपली, मी पळाले आणि मेले, तुला काही करायला वावच नव्हता. मला वाटलं झालं, हा काही परत यायचा नाही. दारापाशी परत आले तर त्याच जागी जमिनीवर तुझी सोनेरी खूण, मला मदतीला बोलाव असं सांगणारी, आधीच तयार. तुला ठाऊक असेल की या गेममध्ये मेलं की आपण सुकलेलं प्रेत होतो, मदतीला बोलवायचं तर आधी परत माणूस व्हावं लागतं आणि त्याला दर वेळी ह्युमॅनिटी नावाची एक वस्तू खर्च होते, माझ्याकडे दोनच उरल्या होत्या. एक वापरली.

दुसऱ्या वेळी तू जे केलंस ते मला आधी समजलंच नाही. तू मारतच नव्हतास. भालेवाल्याच्या समोर जाऊन उभा राहायचास, तो झेपावला की बाजूला लोळायचास, परत समोर, परत बाजूला, चार वेळा, पाच वेळा, सहा वेळा, आणि मध्येच माझ्याकडे तोंड करून उभा. मी खांबामागून बघत होते, मनात म्हणाले हा करतोय काय, आणि मग एकदम ट्यूब पेटली की तू मला दाखवतोयस. मी मागे पळत होते, म्हणून भाला मला गाठत होता. तू मागे जातच नव्हतास, झेप यायच्या क्षणी तिरका पुढे घुसत होतास. बोलायची सोय नाही, लिहायची सोय नाही, आणि तू सहा उड्यांमध्ये एक अख्खा धडा शिकवलास. त्या वेळीही आपण हरलो, मी हातोड्याखाली आले, पण मरताना मी हसत होते. त्याआधी कधी मरताना हसले नव्हते.

त्या रात्री डोळे मिटले की तो भाला दिसायचा. यावरसुद्धा अभ्यास झालाय बरं का, 2000 साली झोपेचे अभ्यासक रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना टेट्रिस खेळायला लावलं तर झोप लागता लागता त्यांना वरून पडणारे तुकडे दिसू लागले, आणि स्मृती गेलेले जे रुग्ण होते, ज्यांना आपण हा खेळ खेळलो हेच आठवत नव्हतं, त्यांच्यातल्याही काहीजणांना ते तुकडे दिसले. म्हणजे आपण कंट्रोलर ठेवला तरी आतलं कुणीतरी खेळतच असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत त्या दारापाशी गेले. तू असशील अशी अपेक्षा नव्हती. होतास.

आणि तिसऱ्या वेळी तू काय केलंस, तर आत गेल्या गेल्या हातोडेवाल्याला घेऊन दिवाणखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला निघून गेलास. भालेवाला मला ठेवलास. पूर्ण. एकटीला. तू ज्या सहजतेने फिरत होतास ते बघून मला स्पष्ट कळत होतं की मनात आणलं असतंस तर दोघांनाही तूच संपवलं असतंस आणि मी नुसती कोपऱ्यात उभी राहून जिंकले असते. ते तू केलं नाहीस. घरात सगळेजण माझ्या हातातून काम काढून घेत होते आणि जगात कुठेतरी बसलेल्या एका अनोळखी माणसाने माझं काम माझ्या हातात ठेवलं. आभार त्याचे आहेत. जिंकून दिल्याचे नाहीत, जिंकून न दिल्याचे आहेत.

लोक विचारतात ना, त्या गेममध्ये एवढं काय ठेवलंय, नुसतं बटणं दाबणं, त्यावर माझं उत्तर आता हेच आहे. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी 2006 मध्ये गेम खेळणाऱ्यांवर अभ्यास करून जे मांडलं ते वाचताना मी मान डोलवत होते. खेळाची ओढ का लागते तर माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: मला जमतंय ही जाणीव, माझं मी ठरवतोय ही मोकळीक, आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. पलंगावर पडल्या पडल्या माझ्या तिन्ही गेल्या होत्या, जोडलेलं असणं तर खरं भरपूर होतं, पण सगळं एकाच बाजूने येणारं. त्या दिवाणखान्यात तिन्ही परत मिळाल्या.

आणि कठीण असलं म्हणजेच मजा असंही मी म्हणणार नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय कारण आपल्यातलेच काही लोक सोपा गेम खेळणाऱ्यांना हिणवतात आणि ते मला अजिबात पटत नाही. माझी बहीण स्टारड्यू व्हॅली खेळते, 2016 चा, एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग सगळं स्वतः करून बनवलेला. ती रोपांना पाणी घालते, कोंबड्या सांभाळते, मासे पकडते, तिला कुणाला मारायचं नसतं. तिला विचारलं यात काय आवडतं तर म्हणाली, मी काल लावलेलं आज उगवलेलं दिसतं. बस. तिच्या नोकरीत वर्षभर मेहनत केली तरी काय उगवलं ते दिसत नाही. गेम बनवणारे आणि त्यांचा अभ्यास करणारे रिचर्ड बार्टल यांनी 1996 मध्येच लिहून ठेवलंय की एकाच गेममध्ये काहींना मिळवायचं असतं, काहींना हिंडून शोधायचं असतं, काहींना गप्पा मारायच्या असतात आणि काहींना दुसऱ्याला हरवायचं असतं. त्यात मला पाचवा प्रकार घालावासा वाटतो, तुझ्यासारख्यांचा, ज्यांना दुसऱ्याला जमलेलं बघायचं असतं. तुला तर तेही बघायला मिळालं नाही.

लोकांच्या वागण्यात गेम बनवणाऱ्याचा हात किती असतो तेही सांगते. 2012 च्या जर्नी गेममध्ये वाळवंटात एक अनोळखी साथीदार भेटतो. बनवताना आधी खेळाडू एकमेकांना धक्का देऊ शकत होते, मदत व्हावी म्हणून ठेवलेली सोय, तर लोक एकमेकांना ढकलूनच द्यायला लागले. मग तो गेम बनवणाऱ्या जेनोव्हा चेन आणि त्यांच्या टीमने तो धक्काच काढून टाकला, आणि माणसं शेजारी शेजारी चालायला लागली. पण तुझ्या बाबतीत तसं नव्हतं रे. डार्क सोल्समध्ये दुसऱ्याच्या जगात घुसून त्याला मारताही येतं, तो रस्ता तुला उघडा होता. तू दाराशी खूण ठेवून बसणं निवडलंस.

बरं, तू पडल्यानंतरचं.

भालेवाल्याला मी पाडलं ते तू पाहिलंस, तू दोन्ही हात वर केलेस तेही मी पाहिलं. मग दुसऱ्याने त्याची वीज अंगात घेतली, हेल्थ परत पूर्ण भरली, आणि आपण दोघांनी मिळून त्याला अर्ध्यावर आणलं तोच तो उंच उडाला आणि तुझ्यावर येऊन बसला. तू गेलास. तुझं नाव स्क्रीनवरून गेलं आणि तो एवढा मोठा दिवाणखाना, आणि मी, आणि तो. हेल्थ भरायला प्यायचा एकच घोट उरलेला. 

एक सेकंद वाटलं सोडून द्यावं. मग तो चालत माझ्याकडे यायला लागला आणि मला जाणवलं की मी मागे सरत नाहीये. अंगठे आपले आपण चालत होते. हातोडा वर, मी तिरकी पुढे, पाठीमागून दोन वार, बाजूला. परत. दोन वार, तिसऱ्याचा मोह नाही. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी ज्याला फ्लो म्हटलंय, काम आणि आपली ताकद अगदी बरोबरीची असली की वेळेचं आणि स्वतःचं भान सुटतं, ते हेच असणार, कारण त्या सात-आठ मिनिटांत मला पाय आठवला नाही, प्लास्टर आठवलं नाही, दोन महिन्यांत पहिल्यांदा. शेवटचा घोट मी कधी प्यायले तेही आठवत नाही. त्याची थोडीशी हेल्थ उरली तेव्हा छाती इतकी धडधडत होती की कंट्रोलर ओला झाला होता. तो उडाला, मी तिरकी पुढे घुसले, तो माझ्या मागे येऊन आदळला, मी वळले आणि दोन वार.

मी ओरडले तशी घरातले सगळे धावत आले, त्यांना वाटलं मी पडले. मी म्हटलं, नाही, जिंकले.

मग ते गेल्यावर, दिवाणखान्यात जिथे तू पडला होतास तिथे मी चालत गेले. गेमने तिथे तुझं काहीच ठेवलं नव्हतं, नुसती फरशी. वाकून नमस्कार करायचं जे बटण आहे ते दाबलं आणि ती हालचाल पूर्ण होईपर्यंत तिथेच थांबले.

तुझी,
दारातून उजवीकडे पळालेली