सतरावं भोक

कुंडई, फोंडा
मे महिना, रविवार

प्रिय दत्ता,

आधी शिव्या देऊन घे. चवथीला तुझा फोन आला तो मी उचलला नाही. पाडव्याचा मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही. रुसवाफुगवा काही नव्हता रे. जे सांगायचं होतं ते तेव्हा कुणाला सांगायची परवानगी नव्हती, आणि ते पोटात ठेवून तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या असत्या तर दोन वाक्यांत तू मला धरलं असतंस.

तर आपला सायकलच्या चाकाच्या मधोमध बसणाऱ्या हबांचा कारखाना विकला गेला. पात्रांवाने, आपल्या मालकाने, लुधियानाच्या पार्टीला दिला. नाव, ड्रॉइंगं, डाय, ऑर्डरी आणि दोन्ही टरेट लेथ त्यांच्याकडे. शेड मात्र त्यांना नको होती. प्लॉट औद्योगिक विकास कॉर्पोरेशनचा, लीजवरचा. तो हस्तांतराची फी भरून तिसऱ्याच माणसाने घेतला, तिथे आता पुठ्ठ्याचे खोके होणार. गंमत अशी की दोन्ही सौद्यांत जड पारडं प्लॉटचं निघालं. पात्रांव म्हणाला, “मोहन, आपण आयुष्यभर हब विकत होतो असं मला वाटत होतं. आपण खरं म्हणजे जागा राखत होतो.” त्याचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेला तो गेलाच, आता तो येऊन लेथवर उभा राहील ही आशा त्यानेही सोडली होती. दोष द्यायचा कुणाला?

पण हे तुला आज ना उद्या कुणीही कळवलं असतं. मी लिहायला बसलोय ते सतराव्या भोकासाठी. हे जगात फक्त तुला कळणार आहे.

झालं असं. सौदा पक्का व्हायच्या आधी त्यांचा एक इंजिनीअर येऊन राहिला. पोरगेलासा, सरदार, हुशार, मला ‘अंकल जी’ म्हणणारा. त्याने पहिल्याच दिवशी आपला मागचा चाळीस भोकांचा हब घेतला, कोन मोजायच्या डिव्हायडिंग हेडवर चढवला आणि एकेक भोक मोजत बसला. एका फ्लँजला (कडेच्या चकतीला) आऱ्यांची वीस भोकं, म्हणजे दोन भोकांत अठरा अंश. समोरचा फ्लँज नऊ अंशांनी सरकलेला. मोजता मोजता थांबला. परत मोजलं. दुसरा हब घेतला, तिसरा घेतला. मग माझ्याकडे आला. “अंकल जी, बाकी सारे होल अठारह पे हैं. ये सत्रहवाँ साढ़े अठारह पे क्यों है?”

माझ्या पोटात गोळा आला. एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. पाव मिलिमीटरचा फरक, आरे ताणले की चाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि तो पोरगा टॉर्च घेऊन उभा. मी काय सांगणार होतो? की आमचा दत्ता रात्रभर जत्रेच्या नाटकात राजा होऊन तलवार फिरवत होता, सकाळी कानामागे रंग तसाच घेऊन कामावर आला आणि भोकांच्या जागा ठरवणाऱ्या इंडेक्स प्लेटची सतरावी खाच त्याने झोपेत घासली? मी म्हटलं, “वॉल्व के लिए.” पुढे तोंडातून आपोआप येत गेलं. म्हटलं, वॉल्वशेजारचे आरे जरा फाकले की पंपाचं तोंड नीट बसतं, आमच्याकडे सायकलवरून पाव विकणारे पोदेर लोक रोज पहाटे हवा भरतात, त्यांच्या सांगण्यावरून केलंय. त्याने मान डोलावली, “बहुत बढ़िया सोच है जी,” आणि वहीत लिहून घेतलं.

आता ऐक. पंधरवड्याने नवीन ड्रॉइंग आलं, कॉम्प्युटरच्या सीएनसी मशिनवर भोकं पाडायला. त्यात सतरावं भोक साडेअठरा अंशांवर, त्यापुढचं साडेसतरावर, आणि बाजूला शेरा: ‘क्रिटिकल, बदलू नये’. दत्ता, तुझी झोप आता कॉम्प्युटरमध्ये गेली. तू मी मेल्यावरसुद्धा लुधियानात सतरावं भोक चुकीच्याच जागी पडत राहणार.

(आणि प्लेट धरणारा व्हाइस मी ढिला ठेवला नव्हता. तू आजवर सगळ्यांना तेच सांगत आलास. व्हाइस घट्ट होता, तू ढिला होतास.)

हसून झालं असेल तर आता माझ्या काळजीचं ऐक. ते लोक मला सहा महिन्यांसाठी तिकडे बोलावतायत. मशिनं बसवायची, पोरांचा हात बसवून द्यायचा, पहिला लॉट पास करायचा. राहायची सोय त्यांची, पगार आत्तापेक्षा जास्त. नसेल जायचं तर हिशोब चोख: धंदा हातबदल झाला की एकतर नोकरी सलग धरायची, नाहीतर कपातीसारखी भरपाई द्यायची, शिवाय वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे ग्रॅच्युइटी. त्यात घासाघीस नाही, लोक सरळ वाटले. म्हणजे पैशाचा प्रश्न नाही.

प्रश्न असा आहे की सगळे मला भेटायला येताना दुखवट्याला आल्यासारखं तोंड करून येतात. माशेलचे अप्पा आले, म्हणाले, गोव्यातून एकेक गोष्ट चालली. मी मान हलवली. आणि खरं सांगू? मला वाईट वाटत नाहीये. मला जायचंय. हे मी घरात नीट बोललेलो नाही, तुला पहिल्यांदा लिहितोय.

विचार कर, आपण इथे काय करत होतो? फोर्जिंग बेळगावहून. प्लेटिंगला माल परत बेळगावला. बेअरिंगचे छर्रे आणि ते ज्यावर फिरतात ते कोन लुधियानाहून. आणि तयार हबांपैकी निम्मे परत लुधियानालाच, मिलर गंजच्या व्यापाऱ्यांकडे. पावसात घाटात दरड आली की आपण आठवडाभर कॅरम खेळायचो. इथलं म्हणावं असं त्यात पात्रांव, तू, मी आणि दमट हवा, जिच्यामुळे प्लेटिंगच्या आधीच मालावर गंज चढायचा. तिकडे गल्लीच्या एका टोकाला लोखंड शिरतं आणि दुसऱ्या टोकाला सायकल बाहेर पडते. मुंजाल बंधूंनी १९५६मध्ये तिथे हीरो काढली आणि १९८६मध्ये गिनीज बुकात जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून नाव लागलं, ते काय एका कारखान्याच्या जोरावर? आजूबाजूला प्रत्येक शेडमध्ये कुणी फक्त पायडल करतो, कुणी फक्त फ्रीव्हील, म्हणून. आपला हब तिथे जन्माला यायला हवा होता, चुकून कुंडईत आला.

तू म्हणशील, मोहन विकला गेला. थांब. तुला २००० साल आठवतं? नॉटिंगहॅमची हब करणारी स्टर्मी-आर्चर बंद झाली आणि सगळा पसारा तैवानच्या सनरेसने उचलला, ती बातमी आपल्याला किती उशिरा कळली ते सोड, पण कळल्यावर तू दोन दिवस जेवला नव्हतास. १९०२पासूनची कंपनी, तीन गिअरचा हब, आणि तो तैवानला? तू म्हणालास, आता नुसती पोकळ खोकी बनवतील. बनवली का? आजही त्या नावाचा तीन गिअरचा हब मिळतो. आणि त्या वर्षी साहेबाने आपल्या हाताने कारखान्याला कुलूप लावून चावी समुद्रात टाकली असती तर तुला बरं वाटलं असतं? माणसं घरी बसली ती बसलीच, ते मी नाकारत नाही. पण आपल्याकडे ॲटलस सायकलचं काय झालं बघ. साहिबाबादच्या गेटवर २०२०च्या ३ जूनला काम बंदची नोटीस लागली, नेमकी जागतिक सायकल दिनाला. तिथे कुणी सत्रहवाँ होल मोजायला आलं नाही. त्यापेक्षा कुणीतरी विकत घेऊन, ट्रकात घालून, चुकीसकट नेतोय हे मला सन्मानाचं वाटतं.

स्टर्मीवरून आठवलं. भाटकाराच्या, त्या जमीनदाराच्या, रॅले सायकलचा हब तू उघडलास, परत बसवलास आणि एक स्प्रिंग उरली. तू म्हणालास, इंग्रज जास्तीची घालतात.

भीती एकाच गोष्टीची आहे. नाव त्यांचं झालंय. आज तो पोरगा शेरा लिहितो ‘बदलू नये’, उद्या त्याच्या वरचा कुणीतरी म्हणेल फ्लँज अर्धा मिलिमीटर पातळ करा, कुणाला कळतंय. आणि शिक्का आपलाच बसेल. गेल्या महिन्यात आपल्या पोदेराची सायकल दारात उलटी घातली होती, मागच्या चाकात आवाज म्हणून. पावांचा पांटलो (टोपली) काढून पायरीवर ठेवलेला, त्यातून उंड्यांचा वास येतोय, आणि मी हबवरचा चिखल पुसून तेलाच्या भोकापासून मोजत गेलो. सतरावं बरोबर सरकलेलं. शिक्का पुसट झालाय, अक्षरं निम्मी गेलीत, पण फ्लँज जिथल्या तिथे. कोन झिजलेले, ते बदलले, नऊ-नऊ पावइंची छर्रे टाकले, ग्रीस भरलं, चाक बोटाने फिरवलं तर थांबेना. त्याच्या आधी ही सायकल त्याच्या बापाकडे होती. त्याला म्हटलं, दोन हब घेऊन ठेव, कारखाना चालला. तो म्हणाला, “एकच संपत नाही बाब, दोन कशाला?” हेच आपलं धंद्याचं दुखणं होतं बघ. पण पुढच्या वीस वर्षांनी कुणी लुधियानाचा हब असाच पुसला आणि फ्लँजला आऱ्याशी चीर दिसली, तर तो शिव्या कुणाला देणार? शिक्क्याला. मी पहिल्या सहा महिन्यांत तिथे उभा राहिलो तर निदान जाडी कागदावर पक्की करून घेईन. नाही गेलो तर बोलायचा हक्क राहत नाही. गेलो तरी सहा महिन्यांनंतर काय, हाही आहेच. म्हणून झोप येत नाही.

आणि त्या पोराला खरं सांगू का? एकदा वाटतं सांगावं, सज्जन आहे, ड्रॉइंग सुधारेल. मग वाटतं, ते भोक सरळ झालं की आपला हब ओळखायचा कसा? शिक्का काय, कुणीही मारतो. यावर तू निर्णय दे, खाच तुझी आहे.

हो, मुख्य गोष्ट राहिलीच. ते दोन प्रकार काढणार आहेत. एक आपला कप-कोनचा, दुसरा मालवाहू सायकलींसाठी, सीलबंद बेअरिंगचा! तू कुठल्याशा मासिकातला अमेरिकेच्या फिल वूडच्या हबचा फोटो पात्रांवाच्या टेबलावर आपटला होतास ना, १९७१पासून ते लोक करतायत आणि आपण अजून छर्रे मोजतोय म्हणून? आणि पात्रांव म्हणाला होता, पोदेर छर्रे स्वतः बदलतो, ते बेअरिंग बदलायला त्याने कॅलिफोर्नियाला जायचं का? त्यावरून तू राजीनामा दिलास. मला तेव्हा पात्रांवाचं पटलं होतं, आजही निम्मं पटतं. पण शेवटी तुझा हब होतोय, तुझ्याशिवाय. परवा पात्रांवाला हे सांगितलं तर म्हणाला, दत्त्याला कळव, नाहीतर तो वर जाऊनसुद्धा भांडेल.

झारखंडच्या पोरांची काळजी करू नकोस. चौघेही खुशीत लुधियानाला निघालेत, त्यांच्या गावचे अर्धे तिथेच आहेत. इथे त्यांना भाताबरोबर आंबाडे घातलेली उडदमेथी खावी लागायची, त्यातून सुटले. अडकला तो आपला गुरुदास. घर, गाय आणि आजारी आई, तो कुठे जाणार? खोकेवाल्याकडे शब्द टाकलाय.

घरी सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी साखर औषधावर. बायको म्हणते जा, घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा बरं. तिची काळजी एकच, तिकडे मासे मिळतात का. सतलज आहे म्हणे, पण सतलजमध्ये बांगडा कुठला? सुके घेऊन जाईन. मडगाववरून आठवड्यातून एकदा थेट अमृतसरची गाडी जाते, त्या डब्यात माझ्या पिशवीमुळे काय होईल ते होवो.

तुझ्या लेकीचं कॅनडाचं पक्कं झालं का? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, विचारायचं राहून गेलं, रागावू नका म्हणावं. चाकणला उन्हाळा कसा आहे? रिटायरमेंटनंतर गोव्यात येतो म्हणत होतास, त्याचं काय?

आता कामाचं. सीएनसी आल्यावर भोकं पाडायचं आपलं जुनं जिग त्यांना नको. पात्रांव म्हणाला, भंगारात घालू नको, तुम्ही दोघांपैकी कुणीतरी न्या. मला घरात ठेवायला जागा नाही, आणि बायको एकदा विचारेल हे काय, दुसऱ्यांदा विचारणार नाही. प्लेट, हँडल, बूड धरून दोघांना उचलावं लागेल इतकं जड आहे, कदंबाच्या बसमध्ये कंडक्टर घेणार नाही. मशिनं पाऊस लागायच्या आत हलवायची आहेत, म्हणजे ट्रक या महिनाअखेरीस लागतील. तेव्हा तू गाडी घेऊनच ये, चोर्ला घाटाने ये, आणि शनिवारी निघ म्हणजे रविवारी पात्रांवाकडे जेवायला जाता येईल. त्याने तिसऱ्यांदा विचारलंय. भांडण बेअरिंगवरून होतं, जेवणावरून नव्हतं.

तुझा,
मोहन

ता. क. येताना १८ दाती फ्रीव्हीलचा पुलर घेऊन ये, आपला गेला ट्रकात.