विषय: रवी वर्मा छापील चित्रांच्या प्रदर्शनातील चुकीच्या पाट्या, चित्रांची हेळसांड आणि 1,080 रुपयांचा परतावा

प्रति,
व्यवस्थापक,
प्रदर्शन आयोजन विभाग

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी 11 वाजताच्या वेळेचे तिकीट काढून आम्ही सहा मित्रमैत्रिणींनी आपले प्रदर्शन पाहिले. तिकीट 350 रुपये, मराठी मार्गदर्शकाचे प्रत्येकी 150 आणि ‘सुविधा शुल्क’ म्हणून माणशी 30. व्यवहार एकच असताना हे शुल्क सहा वेळा का लागले, हे पावतीवरून कळत नाही.

गंभीर बाब आधी. दालन क्रमांक 2 मधील ‘सरस्वती’खाली ‘मूळ तैलचित्र’ अशी पाटी आहे. ते तैलचित्र नाही, ओलिओग्राफ आहे. प्रत्येक रंगाचा वेगळा छपाईचा दगड करून एकावर एक छापायचे आणि शेवटी वार्निश व कॅनव्हाससारखा उठाव द्यायचा, ही ती पद्धत. लांबून फसायला होते, हे मान्य. पण डाव्या कडेला लाल रंग केसभर सरकलेला उघड्या डोळ्यांना दिसतो. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचे ठसे एकमेकांवर अचूक बसवणे, चुकले की असे होते. कुंचल्याने होत नाही.

त्याच भिंतीवरच्या एका चित्राची पाटी म्हणते : ‘1894, घाटकोपर’. चित्राच्या खालच्या समासात मात्र ‘कार्ला-लोणावळा’ असे इंग्रजीत छापलेले आहे. रवी वर्मांचा छापखाना 1894 मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि 1899 मध्ये लोणावळ्याजवळ, कार्ल्याच्या शेजारच्या मळवलीला गेला. म्हणजे ही प्रत त्या स्थलांतराच्या आधीची असूच शकत नाही. पुरावा चित्रावरच छापलेला असताना पाटी तपासायला किती वेळ लागला असता? बाकी बहुतेक चित्रांचा हा समास माउंटखाली (चित्राभोवतीच्या, मध्ये खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याखाली) दडपला आहे. जाणकार आधी तोच पाहतात. माउंटची खिडकी खालून दोन सेंटिमीटर मोठी कापली असती तरी पुरले असते.

शेवटच्या दालनातील दोन ‘दुर्मीळ जुन्या प्रती’ तर आधुनिक ऑफसेट छपाईच्या आहेत. काच आणि कागद यांत फटच नसल्याने काचेवर भिंग टेकवताच चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी फुले दिसतात. दगडावरच्या छपाईत ठिपके हाताने दिलेले असतात, लहानमोठे आणि विस्कळीत. नवी प्रत लावायला हरकत नाही, पण पाटीवर ‘प्रतिकृती’ लिहा.

माउंट नसलेल्या चौकटींत अशी फट न ठेवणे चित्रांच्या जिवावर उठणारे आहे. वार्निश केलेला कागद काचेला टेकलेला असला की पावसाळी दमटपणात चिकटतो आणि काढताना रंगासकट सुटतो. मध्ये माउंट किंवा कडेने बारीक पट्टी हवी. निदान तीन चौकटींत काचेच्या आतून बाष्प धरलेले होते, एकीच्या कोपऱ्यात बुरशीही. मागे साधा हार्डबोर्ड आहे. त्यातल्या आम्लाने कागद तपकिरी पडून ठिसूळ होतो. ॲसिड-फ्री बोर्ड थोडा महाग पडतो, इतकेच.

पश्चिमेच्या खिडकीसमोर पाच चित्रे टांगली आहेत. दुपारी सव्वाला तिथे लक्समीटरने 640 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) दाखवले. कागदावरच्या कामाला साधारण 50 लक्सची मर्यादा पाळतात. प्रकाशाने होणारे नुकसान साठत जाते, म्हणजे त्या खिडकीसमोरचा एक तास हा योग्य उजेडातल्या जवळजवळ तेरा तासांएवढा. उडालेला रंग परत येत नाही. जाड पडदा लावणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

मार्गदर्शक 60 मिनिटांचा ठरला होता. त्यांनी 25 मिनिटांत आटोपले, तेही हिंदीत. त्यांना दोष नाही, हातात दिलेला कागदच तेवढा होता. मराठी पाट्या यंत्राने उतरवलेल्या दिसतात : ‘रवी वर्मा प्रेस’चे ‘रवी वर्मा दाबा’ झाले आहे. (दाबावे काय, हे लिहिलेले नाही.)

आमची मागणी अशी : मार्गदर्शकाचे 900 आणि सुविधा शुल्काचे 180, मिळून 1,080 रुपये परत करावेत. तिकिटाचे 2,100 आम्ही मागत नाही. चांगल्या प्रतीही तिथे आहेत. वर सांगितलेल्या चार पाट्या दुरुस्त कराव्यात, खिडकीसमोरची पाच चित्रे आजच हलवावीत आणि बुरशी आलेली चौकट इतरांपासून वेगळी ठेवून कागद-संवर्धकाला दाखवावी. ती चौकट दालनातच उघडून पुसू नये, बुरशीचे कण शेजारच्या चित्रांवर जातात.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवू आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

सोबत : तिकिटे व पावतीची प्रत, पाट्यांची आणि समासातील मजकुराची छायाचित्रे, लक्समीटरच्या नोंदी.

आपले,
सहा तिकीटधारक