तोंड साडेतीन इंची, नरडं अडीच इंची

प्रति,
ग्राहक सेवा विभाग, आणि त्यांच्या वर जे कोणी साहेब बसत असतील ते

विषय: सहा सिलिंडर टर्बो गाड्यांसाठी म्हणून विकलेला आपला साडेतीन इंची सायलेन्सर. बदलून नको, पैसे परत हवेत.

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला आहे, त्यामुळे सप्रेम नमस्कार वगैरे आज जमणार नाही.

गाडी म्हणजे १६१३ ट्रक, २००६ चं मॉडेल, इंजिन ५.७ लिटरच्या आसपास, त्याला टर्बो, म्हणजे धुराच्या झोतावर टर्बाइन फिरवून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. टर्बोपासून मागे धुराची सगळी लाइन साडेतीन इंची, बाहेरून मोजली तर ८९ मिमी, आतून ८५. जुना सायलेन्सर सडला, ठिगळं लावून लावून कंटाळलो, म्हणून नवा घ्यायचं ठरवलं. घेताना डोळे झाकून घेतला नाही. मी चार इंची बघत होतो, कारण टर्बोच्या मागे वाट जितकी मोकळी तितकं बरं. चार इंची चेसिसच्या आडव्या मेंबरला घासेल एवढीच शंका होती. तुमच्या नाशिकच्या विक्रेत्यानं कॅटलॉग उघडून दाखवला आणि म्हणाला, "साडेतीन भरपूर आहे, आतून आरपार साडेतीनच." ग्लासवूलचा नको, डिझेलच्या काजळीनं सहा महिन्यांत चोंदतो, हेही मी बजावलं. कप्प्यांचा दिला. तेवढं एक खरं निघालं.

बसवल्यापासून गाडीची रया गेली. पिंपळगावहून कांदा भरून वाशीला उतरताना काही कळत नाही, उतारच आहे. परतीला भिवंडीचं भाडं घेऊन कसारा घाट चढायला लागलं की कळतं. जिथं तिसऱ्या गिअरवर निघायची तिथं दुसरा टाकावा लागतो, टेंपरेचरचा काटा वर, आरशात मागे काळा धूर. लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटर गेलं. इंजेक्टर तपासले, पंप तपासला, एअर फिल्टर नवा टाकला. म्हणजे तुमच्या मालावर संशय घेण्याआधी मी माझ्या खिशातून बाकीच्या सगळ्यांची बेगुनाही सिद्ध केली.

मग आडगावच्या गॅरेजवाल्यानं सायलेन्सरच्या आधी पाइपला निपल वेल्ड केला, तिथून तांब्याची नळी, पुढं रबरी होज आणि केबिनमध्ये प्रेशर गेज. अशा टर्बो डिझेलला फुल लोडवर बॅक प्रेशर, म्हणजे धूर बाहेर पडताना मागं रेटणारा दाब, साधारण ७५ मिमी पाऱ्याच्या आत हवं, हे तुम्हाला मी सांगायला नको. घाटात, भरलेल्या गाडीला, पाय पूर्ण दाबून गेजवर १३० च्या पुढं काटा. पुढच्या फेरीला तोच जुना सडका, ठिगळाचा सायलेन्सर परत लावला. तोच घाट, तेवढंच वजन, तोच गेज. ५५. नव्यापेक्षा भंगारातला बरा!

नवा कापून बघितला असता, पण कापला की तुम्ही वॉरंटी नाही म्हणणार. म्हणून अंबडला लेथवर दोन गोल गुटके टर्न करून घेतले, एक ५९ मिमी, एक ६२. गजाच्या टोकाला लावून आत सारले. ५९ चा सुळकन गेला. ६२ चा तोंडापासून वीतभर आत जाऊन ठक्‌ करून अडकला. दुसऱ्या बाजूनंही तेच. म्हणजे बाहेर ८९ मिमीचं तोंड आणि आत अडीच इंची नळी, तिची आतली वाट ६० मिमीच्या आसपास. क्षेत्रफळ निम्मं. आणि रोध काही नुसता दुप्पट होत नाही, तितकाच वायू तितक्याच लांबीतून न्यायचा तर व्यास घटेल तसा तो पाचव्या घातानं वाढतो. ८५ च्या जागी ६० घालून तुमच्या डिझाइनवाल्यांनीच हिशेब करून बघावा. साडेपाच पटीच्या वर जातो.

आता आजचा फोन. तक्रार क्रमांक सांगितला, सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, गाडी किती साली घेतली?"
"२००६."
"मग सर, जुन्या गाडीला धूर येणारच ना."
मी म्हटलं, जुना सायलेन्सर लावला की येत नाही.
"सर, थोडं बॅक प्रेशर इंजिनला लागतंच. नाहीतर पिकअप जातो."
मी म्हटलं, भाऊ, हे मोटरसायकलवाल्यांच्या कट्ट्यावर ठीक आहे. ही टर्बोची गाडी आहे. टर्बाइनच्या मागे दाब वाढला की टर्बाइन मंदावतं, हवा कमी, धूर जास्त, इंजिन गरम. तिथं बॅक प्रेशर कुणालाच लागत नाही.
जरा थांबून म्हणाला, "टर्बो म्हणजे सर, मॉडेलचं नाव का?"
मी काही बोललो नाही. खरंच शब्द सुचला नाही.
"सर, असं करा, एखाद्या चांगल्या मेकॅनिकला दाखवून घ्या."
फोन स्पीकरवर होता. चांगला मेकॅनिक माझ्या शेजारी बॅटरीच्या खोक्यावर बसून चहा पीत होता. गेली तीस वर्षं ट्रकच दुरुस्त करतो. त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याची लाज तुम्हाला वाटायला हवी होती, वाटली मला.
मी टेक्निकल विभागाला जोडा म्हटलं. "सर, टेक्निकल टीमनंच सांगितलंय की प्रॉडक्ट ओके आहे." माल न बघता? गेज न लावता? फोटो तर मी पाठवले होते, गुटका अडकलेले. फोन ठेवला तर मेसेज हजर: आपली तक्रार सोडवली आहे, कृपया पाचपैकी गुण द्या.

त्या मुलावर राग नाही. त्याला हातात कागद दिलाय, तो वाचतो. राग त्याच्यावर आहे ज्यानं तो कागद लिहिला, आणि त्याच्यावर ज्यानं ८९ च्या तोंडात ६० ची नळी बसवून वर साडेतीन इंचाचा शिक्का मारला.

माझ्या वडिलांच्या गाडीलाही तुमचाच सायलेन्सर असायचा. दुकानात दुसरा स्वस्त दाखवला तर ते हात लावायचे नाहीत. मीही त्याच भरवशावर आलो. आता गॅरेजवर कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मी सांगतोच आहे, आणि आडगाव नाक्यावर विचारणारे कमी नसतात.

पुढच्या महिन्यात गाडी पेठ रोडला पासिंगला न्यायची आहे. पीयूसीला ६५ हार्ट्रिजची मर्यादा (हार्ट्रिज म्हणजे धुराच्या काळेपणाचं माप), तुमचा सायलेन्सर लावून आकडा काठावर येतो. जुना लावून जावं तर भोकं बघून साहेब परत पाठवणार. म्हणजे नव्यानं धुरात अडकायचं आणि जुन्यानं आवाजात.

मला हवं ते साधं आहे. सायलेन्सरची पूर्ण किंमत, दोन वेळचं फिटिंग, वेल्डिंग आणि गॅस्केट यांचा खर्च. बिलं सोबत जोडली आहेत. "फिट केलेला माल परत घेत नाही" हे वाक्य विक्रेत्याकडून ऐकलं आहे, तुम्ही परत पाठवू नका. आत नळी किती मिमीची आहे हे फिट करण्याआधी कळायला तुम्ही कॅटलॉगमध्ये छापलं कुठं होतं? तोंडाचं माप छापता, नरड्याचं लपवता.

पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतो. व्यावसायिक वापर म्हणून मी ग्राहकच नाही, हा मुद्दा आपल्या वकिलांना सुचेल, म्हणून आधीच सांगतो: गाडी एकच आहे, चालवतो मीच, घर त्यावरच चालतं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात व्यावसायिक धरत नाहीत. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, एवढ्याशा रकमेला फी नाही, वकीलही लागत नाही. गेज, गुटके आणि मेकॅनिक, तिन्ही घेऊन येईन.

आणि कृपया परत फोन करू नका. जे सांगायचं ते लेखी, तेही टर्बो म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाच्या सहीनं.

आपला (अजून तरी) ग्राहक,
एक ट्रकमालक आणि त्याचाच ड्रायव्हर
आडगाव, नाशिक

ता. क. गुणांचा मेसेज आत्ता परत आला. शून्याची सोय नाही, निदान ती तरी करा.