हेक्टर की एकर, तेवढे तरी छापा

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला खतांच्या हिशेबाचा लेख वाचला. 'शेतकरी अंदाजपंचे खते टाकतात' हा शोध पुण्यात बसून लागला, अभिनंदन! पण सोबतच्या चौकटीत कांद्यापुढे नुसते १००:५०:५० छापून लेखक मोकळे झाले. हे आकडे किलोचे, हेक्टरी, आणि नत्र-स्फुरद-पालाशाचे आहेत, गोणीतल्या खताचे नव्हेत, हे कोणी सांगायचे?

आमच्याकडे हेक्टरात कोणी बोलत नाही. एकराला ही मात्रा ४०:२०:२० होते. डीएपी या खतात ४६ टक्के स्फुरद, म्हणजे २० किलो स्फुरदासाठी साधारण ४४ किलो डीएपी. त्यातून आठेक किलो नत्र मिळते. उरलेल्या ३२ किलोंसाठी ७० किलो युरिया, म्हणजे दीड गोणी. पालाशासाठी ३३ किलो पोटॅश. आता तीच चौकट एकराची समजून वाचा: युरियाच्याच चार गोण्या होतात. अशा कांद्याच्या माना जाड होतात आणि साठवणीच्या चाळीत तो सडतो. गावातला दुकानदार 'किती एकर?' एवढेच विचारून गोण्या काढतो. तुमचा पेपर न वाचताही तो बरोबर आकड्याच्या जास्त जवळ असतो.

लेखाचा शेवट अपेक्षेप्रमाणे 'माती परीक्षण करा' असा. केले होते हो! माझे रान शिरूर तालुक्यात, मुरमाड. नमुना घ्यायला आलेल्या मुलाने रस्त्याकडेच्या बाभळीखाली गाडी लावली, तिथेच बांधाला लागून खुरपे मारले आणि पिशवी भरली. मी म्हटले, "अरे, हे रान शेजारच्या अण्णांचे." तर म्हणे, "काका, गट एकच धरायचा." सरकारच्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत बागायतीला अडीच हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना, हा नियम मान्य. पण अण्णांची जमीन काळी, वर वर्षानुवर्षे शेणखत खाल्लेली. पत्रिका माझ्या नावाने आली, सेंद्रिय कर्ब (मातीतला कुजका अंश, ज्यातून पिकाला नत्र मिळते) 'जास्त', म्हणून नत्र पाव हिस्सा कमी द्या!

मग मीच रानभर वेडावाकडा फिरून वीतभर खोल खड्डे घेतले, घमेल्यात माती कालवली, चार भाग करत अर्धा किलोवर आणली आणि पैसे भरून तपासली. कर्ब ०.४ टक्क्याच्याही खाली, म्हणजे कमी. म्हणजे नत्र पाव हिस्सा जास्त द्यायला हवे. सरकारी पत्रिकेच्या नेमके उलट. पहिल्या कागदावर विसंबलो असतो तर पीक पिवळे पडले असते आणि तुमच्या लेखकाने पुन्हा 'अंदाजपंचे' लिहिले असते.

आणि एवढा हिशेब करून दुकानात गेले की काय होते, तेही एकदा छापा. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, हे पाटीवर असते. प्रत्यक्षात सोबत कसलीतरी बाटली घेतल्याशिवाय गोणी हलत नाही. 'लिंकिंग बंद आहे' असे सांगणारी बातमी तुम्ही दर हंगामात छापता. तुमच्या वार्ताहराला एकदा टोपी घालून, सातबारा घेऊन रांगेत उभे करा. आणि चौकटीची दुरुस्ती छापणार असाल तर कृपया पहिल्या पानावर. आतल्या पानावरचा तो मुंगीएवढा टाइप चष्मा लावूनही वाचवत नाही.

आपला,
एक वाचक, हडपसर, पुणे